खापर एकट्या गर्भपातावर नको

एका लेखात अमेरिकेतल्या 2022 च्या मध्यावधी निवडणुकीतल्या रिपब्लिकन पक्षाच्या फजितीचं सगळं खापर गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर फोडलंय. अर्धंच खरं आहे ते. उमेदवारही तितकेच नडले. जॉर्जिया राज्य बघा ना. गर्भपातविरोधी कडक कायद्यावर 2019 मध्ये सही करणारे ब्रायन केम्प गव्हर्नर म्हणून आरामात परत आले. त्याच दिवशी, त्याच मतदारांपुढे, त्यांच्याच पक्षाचे सिनेटचे उमेदवार, ट्रम्प यांच्या पसंतीचे हर्शेल वॉकर यांना केम्पपेक्षा जवळजवळ 2 लाख मतं कमी! म्हणजे परंपरावादी माणूस केंद्रावर आला, केम्पना मत दिलं आणि सिनेटच्या रकान्यात हात आखडता घेतला. डिसेंबरच्या निर्णायक फेरीत वॉकर पडलेच.

ॲरिझोनात गव्हर्नरपदाच्या ट्रम्पसमर्थक उमेदवार केरी लेक यांनी तर सभेत मॅकेनवाल्या (तिथले दिवंगत सिनेटर जॉन मॅकेन यांना मानणाऱ्या) रिपब्लिकनांना चक्क चालते व्हा म्हणून सांगितलं होतं. हरल्या किती मतांनी? सुमारे 17 हजार. आता बोला.

ओहायोत ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले जे. डी. व्हान्स सिनेटवर निवडून आले, मान्य. पण त्यांच्याच पक्षाचे तेव्हाचे गव्हर्नर डिवाइन 25 टक्क्यांनी जिंकले तिथे हे साधारण 6 नी. उमेदवारांच्या दर्जाचा मुद्दा सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांनी निवडणुकीआधी ऑगस्टमध्येच काढला होता, तर ट्रम्प त्यांच्यावरच उखडले.