चेसिस वाकतंय

शनिवारी आमच्याकडे पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण होतं, आणि माझ्या पेडल स्टील गिटारवर कोणीतरी दहीवड्यांचं भांडं ठेवलं. ज्या वहिनींनी ठेवलं त्यांचं म्हणणं असं, की चार पाय आहेत, वर सपाट आहे, चादर घातलेली आहे, मग हे टेबल नाही हे माणसाने ओळखायचं कसं? चादर मी धुळीसाठी घातली होती. "अय्या, गिटार आहे ही?" असं म्हणताना त्यांनी भांडं उचललं नाही, जरा कडेला सरकवलं.

मग चादर निघाली आणि मंडळी भोवती जमली. धरायची कुठे, कितीला पडली, हिंदी गाणी वाजतात का, हे सगळं झालं. आणि मग ते वाक्य आलं, जे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

"वाजव की काहीतरी!"

काहीतरी म्हणजे काय वाजवू? हे वाद्य मी अलीकडेच शिकायला घेतलंय. दहा तारा. डाव्या हातात पाव किलोच्या आसपास भरेल असा स्टीलचा गुळगुळीत बार. उजव्या अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, दोन बोटांत धातूच्या. डाव्या पायाखाली तीन पेडल, दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला चार-पाच लिव्हर, ते गुडघ्याने डावीकडे, उजवीकडे, वर असे ढकलायचे. उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर, आणि तोही स्वस्थ ठेवायचा नाही. पडदे नाहीत, नुसत्या रंगवलेल्या रेघा. बार रेघेच्या केसभर अलीकडे राहिला की बेसूर, पलीकडे गेला की बेसूर. शिवाय ज्या तारा वाजायला नकोत त्या उजव्या तळहाताच्या कडेने गप्प करायच्या. या वाद्याचं निम्मं शिक्षण आवाज बंद करण्यातच जातं, असं माझे मास्तर सांगतात आणि तासाचे पैसे मात्र पूर्ण घेतात.

तारांचा क्रमही सरळ नाही. पहिली तार सगळ्यात चढी असावी, अशी माणसाची साधी अपेक्षा असते. इथे सगळ्यात चढी तार तिसरी. 1962च्या सुमारास बडी एमन्स नावाच्या थोर वादकाने वरच्या अंगाला दोन जादा तारा घातल्या, तेव्हापासून हा क्रम असाच चालत आलाय. थोर माणसांचं बरं असतं. ते एकदा काहीतरी करून मोकळे होतात, आपण गुडघे दुखवत बसतो.

आता हे मी घेतलं कशाला? मी अमेरिकेत कंट्री संगीताच्या गावी, नॅशव्हिलमध्ये राहतो, हेच त्याचं उत्तर. पुण्यात राहून तबल्याचा क्लास न लावलेले लोक असतात, तसं इथे निभावून नेता येतं, पण कठीण जातं. इथल्या ब्रॉडवे या रस्त्यावर भर सकाळी बारमधून बँड वाजायला लागतात. त्यातल्या रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डच्या जागेत पूर्वी शो-बड या स्टील गिटारवाल्यांचं दुकान होतं. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे उभं करून हे सांगतो, आणि प्रत्येक पाहुणा विचारतो, इथे व्हेज काय मिळतं? तिथेच मी पहिल्यांदा ते ऐकलं. एक तार छेडली आणि हात न हलवता तिच्या आतला स्वर वर चढला, शेजारच्या तारेला जाऊन भिडला. 1954मध्ये वेब पीअर्स या कंट्री गायकाचं एक गाणं गाजलं, त्यात बड आयझॅक्स या स्टीलवाल्याने तार वाजत असतानाच पेडल दाबलं होतं. ते ऐकून बाकीचे स्टीलवाले आपापल्या गिटारींना पेडल जोडायच्या मागे लागले. माझं तसंच झालं, फक्त मी जोडलेलं विकत घेतलं. सेकंड हँड असूनही हजार डॉलरच्या बरंच वर. आकडा घरात वेगळा सांगितलाय, म्हणून इथे लिहीत नाही.

तर, वाजव की काहीतरी. मी खुर्ची ओढली, अ‍ॅम्प लावला, एक सूर लावला. आणि मागून आवाज आला.

"गंधार चढलाय."

आमच्या एका मित्राचे सासरे. मिरजेचे. एस. टी.च्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलेले. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव, भोपळे वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सगळं तिथे होतं, आणि 2024मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्यांना जीआय मानांकनही मिळालं. काकांनी यातलं एकही वाद्य कधी हातात घेतलेलं नाही. पण मीरासाहेबाच्या उरुसात रात्र-रात्र बसून गाणी ऐकलेली, आणि पाना हातात धरून आयुष्य गेलेलं. एकाच माणसाला कान आणि पाना दोन्ही देऊ नयेत, असं माझं आता ठाम मत झालंय.

"काका, ट्यूनरवर बरोबर दाखवतोय," मी मोबाईल पुढे केला.

"त्या डबड्याला काय विचारतोस? हा पेटीचा गंधार झाला. तंबोऱ्यातनं निघतो तो खाली असतो. उतरव की जरा."

मी उतरवला. तार बसली. वाईट याचं वाटतं, की स्टीलवाले गंधार ट्यूनरपेक्षा खालीच ठेवतात, मास्तरांचा पहिला धडाच तो होता आणि त्याचे मी डॉलर मोजले होते. दहीवडे बाजूला होईपर्यंत सूर लावायला मला वेळ कोणी दिला? पण ते कोण ऐकतंय. "बघा, काकांना कसं कळलं!" असं आमच्याच घरातून कौतुक झालं.

"आता हे खालचं काय?" काका वाकले.

"पेडल आहेत काका. हे दाबलं की पाचवी आणि दहावी तार चढते. हे दुसरं दाबलं की तिसरी आणि सहावी."

"दाब."

दाबलं.

"पंचमाचा धैवत झाला. दुसरं?"

दाबलं.

"गंधाराचा मध्यम. दोन्ही एकदम दाब. हां, सा-म-ध. असं व्हय! हातानं करायचं ते पायानं केलंय." आणि ते तिथल्या तिथे, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यासकट, कार्पेटवर उताणे पडून गिटारखाली सरकले.

"अहो, उठा तिथनं!" काकू म्हणाल्या. "लोकांच्या घरी आलोय आपण."

"दाब रे. सोड. दाब. सावकाश सोड." खालून नुसता आवाज. "हा दांडा ओढतोय, हा क्रँक फिरतोय, पलीकडं तार ताणतेय. ब्रेकचं लिंकेज आहे की रे हे! बॅटरी आण."

सांगायला संताप येतो, पण पोरांनी बॅटऱ्या आणल्या, जेवण सोडून आठ-दहा माणसं गुडघ्यांवर बसली, आणि माझ्या हॉलमध्ये माझ्याच गिटारखाली एस. टी.चा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. मी वर खुर्चीत बसून काका सांगतील तेव्हा पेडल दाबत होतो. वाजव म्हणणाऱ्यांपैकी माझ्याकडे पाहायला एकही जण वर नव्हता.

"थांब. आता चौथी तार छेड. वाजू दे. आता दोन्ही पेडल दाब. ऐकलंस? चौथीला पेडल लागलेलं नाही, तरी उतरली."

"किंचित उतरतेच काका, सगळ्याच स्टीलमध्ये..."

"चेसिस वाकतंय."

"काका, चेसिस नाही, बॉडी..."

"लाकडाला बॉडी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. वाकतंय. खाली एक पट्टी मारली पाहिजे. इथं दहाचा पाना मिळतो का इंचात सगळं?"

तर, हे वाकणं खरं आहे. पेडल दाबलं की ताण वाढतो, सांगाडा लवतो, बाकीच्या तारा किंचित उतरतात. पंचवीस-तीस वर्षं वाजवणारेही त्याबद्दल कुरकुरत असतात. पण 'खरं आहे' असं मी म्हणायचा अवकाश, लोकांनी काकांसाठी टाळ्या वाजवल्या. एकाने मला विचारलं, "फॉल्टी पीस आला का रे? रिटर्न होईल?"

एक विचारतो. आठ वर्षांची पोर कीबोर्डवर तीच चार बोटं तासभर आपटते, तेव्हा आपण 'किती गोड' म्हणतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने काही नवीन घेतलं, की पहिल्या दिवसापासून त्याची परीक्षा असते. तोही तेवढाच कच्चा असतो, पण त्याला कच्चं राहायला जागा कुठे आहे? खोलीचं दार लावलं तर 'एवढं काय लपवायचंय', उघडं ठेवलं तर 'जरा हळू'. मंडळात नाटक बसवताना, भजनाला, ढोल-ताशाला, सगळीकडे हेच. वाजव म्हणायचं आणि दुसऱ्या ओळीला आपापसात बोलायला लागायचं. ऐकायचं नसेल तर निदान सांगू तरी नका. मला गप्प बसून चुकायला वर्षभर द्या, एवढंच मागणं आहे, आणि ते माझ्या घरातसुद्धा मिळत नाही.

असो. काका खालून निघाले, सदरा झटकला, आणि म्हणाले, "ऊठ. बसू दे मला."

माझी उठायची इच्छा नव्हती. तरी उठलो, कारण वडीलधारे. गुडघ्याच्या लिव्हरकडे त्यांनी पाहिलंही नाही. नख्या घातल्या नाहीत. बार हातात तोलला, अंगठ्याने एक तार छेडली आणि बार असा सावकाश ओढत नेला, की हॉलमधल्या गप्पा थांबल्या. मींड होती ती. वेडीवाकडी, थरथरती, पण पोचायचं तिथे पोचली. "पूर्वी रेडिओवर बातम्यांच्या आधी वेळ काढायला असलं लावायचे," काका म्हणाले. "हवाईयन गिटार म्हणायचे. व्हॅन शिप्ली वगैरे." डोळे मिटलेले. मग त्यांना पेडलची आठवण झाली, आणि त्यांनी ते क्लच दाबावा तसं, एस. टी.च्या सगळ्या अनुभवानिशी, दाबलं.

टण्ण.

तिसरी तार. सगळ्यात बारीक, सगळ्यात चढी, वर तिलाच पेडल ओढणार, त्यामुळे नेहमी तुटते तीच. काकांनी लोंबणारं टोक बोटांत धरून उजेडात पाहिलं.

"मटेरियल हलकं आहे," त्यांनी निकाल दिला.

त्यानंतर कॅरिओकी सुरू झालं. माझी गिटार भिंतीला लावली गेली, आणि जागा झालीच आहे म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचे ग्लास आले. मींडेचा व्हिडिओ रात्रीच मिरजेला पोचला. सतरा जणांच्या कुटुंबगटावर त्याला हात जोडलेल्या खुणांचा पाऊस पडलाय. माझा त्यात डावा कोपर दिसतो, आणि शेवटी मागून मी "अरे!" म्हणतो तेवढं ऐकू येतं.

काल काकांचा फोन आला. ते ऑक्टोबरपर्यंत इथेच आहेत, रविवारी पट्टी मारायला येणार आहेत, माप जावई घेऊन देणार आहे. मला काय वाटतं हा प्रश्न आला नाही. तार बदलली का, हा मात्र आला. बदलली म्हटलं.

"जुनी टाकू नकोस," काका म्हणाले. "जावयाच्या ग्रिलचं झाकण बांधायला पाहिजे."