ऑक्सिजन सेन्सर इथेनॉल मोजत नाही

नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'बीएस-6 गाडीतला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलमधलं इथेनॉल ओळखतो, कॉम्प्युटर जुळवून घेतो. फ्लेक्स-फ्युएल हे नुसतं नाव, ई85 बिनधास्त भरा.' ई85 म्हणजे सुमारे 85 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल; फ्लेक्स-फ्युएल म्हणजे इथेनॉल कमी-जास्त असलं तरी चालेल अशी बनवलेली गाडी. कुणी खरंच भरण्याआधी याला उत्तर द्यायलाच हवं.

'सेन्सर इथेनॉल ओळखतो.' नाही. धुरात ऑक्सिजन किती उरला, एवढंच तो सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच. म्हणून इथेनॉल वाढलं की धुरात ऑक्सिजन जास्त उरतो. पण इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, कुठून जादा हवा शिरत असेल, इंधन फवारणारा इंजेक्टर चोंदला असेल, इंधनाचा पंप कमजोर झाला असेल, तरी नेमकं हेच दिसतं. फ्लेक्स-फ्युएल गाडीचं सॉफ्टवेअर म्हणून टाकीतली पातळी वाढल्याची नोंद घेतं आणि भरल्यानंतर काही काळ दिसलेला फरकच इथेनॉलच्या खात्यात टाकतं. ब्राझीलमध्ये 2003 पासून अशा गाड्या वेगळ्या सेन्सरशिवाय धावताहेत; मेसेजमध्ये खरं काही असेल तर इतकंच. काही गाड्यांत इंधनाच्या नळीवर स्वतंत्र सेन्सर असतो. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थाचा एक विद्युत गुणधर्म) 2 च्या आसपास, इथेनॉलचा 24 च्या आसपास, त्यावरून तो प्रमाण काढतो. साध्या गाडीत ना हा सेन्सर, ना ते सॉफ्टवेअर.

'कॉम्प्युटर जुळवून घेतो.' एका मर्यादेपर्यंतच. ई85 ला वजनाने पेट्रोलच्या जवळपास दीडपट इंधन सोडावं लागतं. साध्या गाडीच्या कॉम्प्युटरची इंधन वाढवण्याची मुभा त्याच्या खूप आधी संपते, मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इंजिन अपुऱ्या इंधनावर चालत राहतं.

त्यातही सकाळी गाडी सुरू करताना ऑक्सिजन सेन्सर थंड असतो, काहीच सांगत नाही. वेगळा सेन्सर नसलेल्या फ्लेक्स-फ्युएल गाडीत पहिल्या फवाऱ्याला किती इंधन सोडायचं हे आधीच्या प्रवासात साठवलेल्या इथेनॉलच्या अंदाजावर ठरतं. इथेनॉल थंडीत नीट वाफाळत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा पहाटे 10 अंशांखाली उतरतो. जिच्याकडे असा अंदाजच नाही, ती गाडी अशा पहाटे सुरू होईल याची खात्री कशावर द्यायची?

'नुसतं नाव.' फ्लेक्स-फ्युएल गाडीत पंप, इंजेक्टर, रबरी सील हे सगळं जास्त इथेनॉल सोसेल असं निवडलेलं असतं. ते नाव नव्हे.

गाडीच्या पुस्तिकेत ई20 लिहिलं असेल तर 20 टक्क्यांपर्यंतच भरा. चुकून ई85 भरलं गेलं असेल तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलावून टाकी रिकामी करून घ्या.