‘साभार’ लिहिलं की सुटलो?

सिंहस्थ जवळ येतोय तशी नाशकात गल्लोगल्ली न्यूज पोर्टलं आणि यूट्यूब चॅनल निघतायत. निघू देत, शहराला बातमीदार हवेच आहेत. पण त्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि चार जणांनी तो मला ‘बरोबर आहे ना?’ असं विचारत पाठवला. मेसेज असा: “६६ अ रद्द झालंय, ऑनलाइन लिहिणाऱ्यावर आता केस होत नाही. फोटो गुगलवरून घ्या, खाली ‘साभार’ टाका. शंका असेल तिथे ‘कथित’ लावा. खरं असेल तर कुणाच्या बापाला घाबरू नका. फॉरवर्ड केलेल्याची जबाबदारी मूळ लिहिणाऱ्याची.”

बरोबर नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

६६ अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम, रद्द झालं हे खरं. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते रद्द केलं आणि फार चांगलं केलं. पण गेलं ते एक कलम. अब्रुनुकसानी, कॉपीराइट, न्यायालयाचा अवमान हे सगळं छापील पेपराला लागतं तसंच मोबाइलवरच्या बातमीलाही लागतं.

आता ‘साभार’. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच विचारतं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? माझा एक फोटोग्राफर मित्र अशा दिवशी पहाटेपासून होळकर पुलावर उभा असतो, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. मारुतीच्या छातीला पाणी लागलेला त्याचा फोटो नऊच्या आत सगळीकडे झळकतो. कोपऱ्यातलं त्याचं नाव कापलेलं आणि खाली ‘साभार : सोशल मीडिया’. अरे, सोशल मीडिया भिजत उभा राहून फोटो काढतो का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणीची गरज नाही आणि तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापराची सवलत आहे, हे मान्य. पण ज्याचं पोट त्या फोटोवर आहे त्याचं नाव कापून आख्खा फोटो वापरायचा आणि त्यावर जाहिराती कमवायच्या, हे त्या सवलतीत बसवणं फार अवघड. एक फोन करून विचारलं तर हा मित्र बहुतेकदा फक्त नाव द्या म्हणतो.

‘कथित’ हा काही ताईत नाही. सगळी बातमी वाचून वाचकाच्या मनात त्या माणसाचं काय चित्र उभं राहतं, ते पाहिलं जातं. मथळ्यात ‘महाठग’ आणि तिसऱ्या ओळीत ‘कथित’, याने सुटका होत नाही. १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. भरपाईचा दिवाणी दावा वेगळाच.

खरं असलं तरी फौजदारी खटल्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी छापलंय हेही दाखवावं लागतं. द्राक्षाचा व्यापारी बागायतदारांचे पैसे बुडवून पळाला, ही बातमी लोकहिताचीच आहे. ती जरूर द्या. फक्त सौदापावत्या, न वटलेले चेक, पोलिसांतल्या तक्रारीची प्रत हाताशी ठेवा, व्यापाऱ्याला फोन करून त्याची बाजू घ्या आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत ‘संशयित’च म्हणा. त्याच्या बायकोच्या भानगडी मात्र खऱ्या असल्या तरी त्यात लोकहित कसलं?

फॉरवर्डचं थोडक्यात: बदनामीचा मजकूर पुढे पाठवणं हेही प्रसिद्ध करणंच. रिट्वीटही यात येऊ शकतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलंय.

मेसेजमध्ये जे आलंच नाही, त्याने माझी झोप उडते. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ मनाई करतं. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे, तर पत्ता, फोटो, घरच्यांचा तपशील, शाळा, परिसर, सगळंच. इथल्या एका पोर्टलने ‘नाव बदललेले आहे’ असं ठळक लिहिलं आणि खाली चौकाचं नाव, वडिलांचा धंदा आणि चेहरा धूसर केलेला गणवेशातला फोटो टाकला. फोन केल्यावर त्यांनी तासाभरात बातमी उतरवली. तोवर तिचे स्क्रीनशॉट त्या मुलीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पोचले होते.