आपला तो ऑल-स्टार, दुसऱ्याचं ते कार्टं

जून लागला की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या ऑल-स्टार गेमचं (अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या तिच्या दोन भागांतल्या निवडक खेळाडूंच्या मॅचचं) ऑनलाइन मतदान सुरू होतं आणि आपल्यातले बरेच जण, म्हणजे न्यू जर्सीत राहून यांकीज की मेट्स (दोन्ही न्यूयॉर्कच्या टीम) यावरून घरात अबोला धरणारे, बे एरियात जायंट्सपायी जीव टाकणारे, सगळे एका रात्रीत निवडणूक आयुक्त होतात. तुम्ही यंदा पहिल्यांदाच या वादात उतरणार असाल तर नुसत्या उत्साहावर भागणार नाही, थोडी शिस्त लागते. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. फी काही नको, फक्त शॉर्टस्टॉपच्या जागेसाठी मत आमच्या माणसाला द्या.

सगळ्यात आधी खेळाडू ठरवायचा. तो ठरवणं सोपं आहे, तुमच्या टीमचा जो कोणी त्या जागेवर उभा असतो तो. नाव ठरलं की मग आकडे शोधायला बसायचं. हे उलट्या क्रमाने कधीही करू नका, आधी आकडे बघितले तर दुसऱ्या टीमचा माणूस चांगला निघण्याचा धोका असतो आणि तो धोका पत्करून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

आकड्यांची तुम्हाला अजिबात ददात पडणार नाही. बॅटिंग अॅव्हरेज (किती वेळा बॅटिंग केली आणि त्यात हिट किती, ते प्रमाण) चांगलं असेल तर म्हणायचं की बाबांनो शेवटी बॅट बॉलला लागली पाहिजे, बाकी सगळी लॅपटॉपवाल्यांची थेरं. अॅव्हरेज वाईट असेल तर म्हणायचं, अजून अॅव्हरेज बघता? कोणत्या जमान्यात आहात? आणि ओपीएस (बेसवर पोचणं आणि मोठे फटके मारणं या दोन्हींच्या आकड्यांची बेरीज) पुढे करायचा. ओपीएसही पडलेला असेल तर फिल्डिंग. फिल्डिंगही बोंबललेली असेल तर ‘ड्रेसिंग रूममधलं वजन’, हे अजून कोणाला मोजता आलेलं नाही त्यामुळे ते कायम आपल्या बाजूचं. आणि सगळ्यावर उतारा म्हणजे वॉर. साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत या माणसाने टीमला किती मॅच जास्त जिंकून दिल्या त्याचा तो अंदाज. आता वॉर काढणाऱ्या दोन मोठ्या वेबसाइट आहेत, फॅनग्राफ्स आणि बेसबॉल रेफरन्स, आणि देवाची कृपा अशी की दोघींचं गणित जुळत नाही. पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, बाबतीत तर एक बघते प्रत्यक्षात रन किती गेल्या आणि दुसरी बघते स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर घेतलेले बळी), वॉक (फुकट दिलेला बेस) आणि होमरन, त्यामुळे एकच पिचर इकडे देव आणि तिकडे ठीकठाक असू शकतो. जिथे आपला वर असेल ती वेबसाइट शास्त्रशुद्ध. दुसरीचं नाव काढलं कोणी की नुसतं हसायचं, उत्तर द्यायचं नाही.

मग येतो सीझनचा मुद्दा. सीझन १६२ मॅचचा आणि मतदान सुरू होतं तेव्हा साधारण साठेक मॅच झालेल्या असतात. या साठ मॅच थोड्या की भरपूर, हे आधी आपल्या माणसाचा स्कोअर बघून ठरवावं. आपला .२१० वर रखडलाय? अहो अजून शंभर मॅच बाकी आहेत, एवढ्यावरून माणूस जोखता का, त्याचं आजवरचं करिअर बघा. समोरचा .३४० वर आहे? नशीब, बॉल रिकाम्या जागेत पडतायत, ऑगस्टमध्ये येईल जमिनीवर. आणि गेल्या वर्षी नेमकं उलटं असल्यामुळे तुम्हीच उलटं बोलला होतात, तर ते जुनं कोणी उकरून काढलं तर सरळ सांगायचं की संदर्भ वेगळा होता. संदर्भ नेहमीच वेगळा असतो.

इथे थोडा सराव करून घेऊ. २०२४ मध्ये पिट्सबर्गच्या नवख्या पॉल स्कीन्सने अवघ्या ११ मॅचमध्ये पिचिंग करून थेट ऑल-स्टार गेममध्ये पहिला पिचर म्हणून सुरुवात केली, तेव्हा सगळे म्हणाले वा वा, बेसबॉलचं भविष्य. २०२५ मध्ये मिलवॉकीचा नवखा पिचर जेकब मिझरोव्स्की याला फक्त पाच मॅचनंतर बदली म्हणून घेतलं तर फिलाडेल्फियाचे खेळाडू उघड चिडले की हा काय तमाशा. आणि त्याच गेममध्ये कमिशनरने, म्हणजे लीगच्या प्रमुखाने, खास अधिकारात जुनाजाणता पिचर क्लेटन कर्शॉ याला बोलावलं, कारण माणसाने तीन हजार स्ट्राइकआउट पूर्ण केलेत आणि लोकांना तो बघायचाय. म्हणजे एकाच खेळात एकाला भविष्याच्या कोट्यातून प्रवेश आणि एकाला भूतकाळाच्या. वर्तमानात अर्धा सीझन राबलेला जो घरी बसला तो तुमच्या टीमचा असेल तर आभाळ फाटल्यासारखं ओरडा, नसेल तर ‘शेवटी हा लोकांच्या करमणुकीचा खेळ आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका’ असं शांतपणे समजवा. आवाज मात्र मोठ्या भावाचा ठेवा, त्याने समोरचा जास्त भडकतो. (तसं बघितलं तर पिचर आणि राखीव खेळाडू चाहते निवडतच नाहीत, ते खेळाडूंच्या मतांवर आणि कमिशनरच्या ऑफिसातून ठरतात. पण हे मध्येच सांगून वादाचा विचका करू नका.)

आता प्रत्यक्ष मतदान. पहिल्या फेरीत एका ईमेलवरून दिवसाला पाच वेळा मत देता येतं, आणि हीच आपल्या लोकांच्या हातातली संधी आहे, कारण नेमकं जूनमध्येच पुण्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि दोघांचे ईमेल पासपोर्टच्या वेळी तुम्हीच काढून दिलेले असतात. सासूबाईंना थर्ड बेस कुठे असतो हे माहीत असायची गरज नाही, अमेरिकेतल्या निम्म्या मतदारांनाही समोरच्या टीमचा थर्ड बेसमन कोण ते माहीत नसतं.

कोणी याला लबाडी म्हटलं तर इतिहास काढा. १९५७ मध्ये सिनसिनाटीच्या पेपराने आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका छापून वाटल्या आणि नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात सिनसिनाटीच्या खेळाडूंना मिळाल्या, एक फर्स्ट बेसची तेवढी सेंट लुईसच्या स्टॅन म्युझियलने वाचवली. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी मग गस बेल आणि वॉली पोस्ट या दोघांना काढून विली मेज आणि हँक आरनला आत घेतलं. होय, मेज आणि आरन, बेसबॉलचे दोन दिग्गज, जे जनतेच्या पसंतीस उतरले नव्हते! वर शिक्षा म्हणून चाहत्यांचा मताचा हक्कच काढून घेतला, तो परत मिळाला १९७० मध्ये. मग १९९९ मध्ये एका प्रोग्रामरने छोटा प्रोग्राम लिहून बोस्टनच्या नोमार गार्सियापाराला २५ हजारांच्या आसपास मतं टाकली, ती पकडली गेली आणि रद्द झाली. गंमत म्हणजे नोमार त्यांच्याशिवायही निवडून आला. म्हणजे एवढा कोड फुकट गेला की हो, आपल्यातल्या किती जणांना हे दुःख ओळखीचं वाटेल.

पण सगळ्यांचा मेरुमणी २०१५. त्या वर्षी कागदी मतपत्रिका बंद, सगळं ऑनलाइन, एका ईमेलला ३५ मतं. कॅन्सस सिटीवाल्यांनी असा काही धडाका लावला की एका टप्प्यावर अमेरिकन लीगच्या नऊपैकी आठ जागांवर त्यांच्या रॉयल्स टीमचे खेळाडू पुढे, त्यात सेकंड बेसला ओमार इन्फांटे, ज्याची बॅटिंग त्या वर्षी इतकी वाईट चालली होती की त्याच्या घरच्यांनीही मत देताना दोनदा विचार केला असता. सहा कोटींच्या वर मतं रद्द करावी लागली. शेवटी इन्फांटेला होजे अल्टुवेने मागे टाकलं आणि रॉयल्सचे चार जण निवडून आले. तेव्हा मेट्सचे चाहते सगळ्यात जास्त हसले होते, आठवतंय? खेड्यातली टीम, खेड्यातली लबाडी वगैरे. नोव्हेंबर उजाडता उजाडता त्याच रॉयल्सने वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या अंतिम लढतीत, पाच मॅचमध्ये कोणाला हरवलं, ते मेट्सवाल्यांसमोर काढू नका, माझ्या ओळखीचे दोघे अजून त्यावर बोलत नाहीत.

तर धोरण असं ठेवायचं, आपल्या गावाने मतपेटी भरली तर तो चाहत्यांचा ओसंडून वाहणारा प्रेमभाव, दुसऱ्या गावाने भरली तर लोकशाहीचा खून. लॉस एंजेलिसच्या टीमला मतं पडली तर ‘त्यांचं काय, मोठं शहर, शिवाय जपानमधून त्यांच्या ओहतानीला मतं येतात’. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत यांकीजच्या आरन जजला ४० लाखांच्या वर मतं पडली आणि ओहतानीला त्याच्या किंचित खाली, आणि दोघे आपापल्या लीगमध्ये पहिले आल्यामुळे थेट संघात. यांकीजवाल्यांनी मोठ्या शहराचा मुद्दा त्या आठवड्यापुरता बाजूला ठेवावा.

प्रत्येक टीमचा निदान एक तरी माणूस घ्यावाच लागतो, हा नियम तुमची टीम शेवटची असेपर्यंत अतिशय न्याय्य आहे.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. ज्याच्यावर तुम्ही ‘लायकी नाही’ म्हणून महिनाभर तोंडसुख घेतलंत तो कधीकधी खेळतो. १९८८ मध्ये ओकलंडचा कॅचर टेरी स्टाइनबाख .२१७ च्या अॅव्हरेजवर निवडून आला, सगळीकडून जोडे पडले, आणि पठ्ठ्याने एक होमरन आणि एक सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः आउट होऊन दुसऱ्याची रन काढून देणारा उंच फटका) मारून आपल्या लीगच्या दोन्ही रन काढल्या, मॅच २-१ ने जिंकली आणि एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू झाला. २०१२ मध्ये जायंट्सच्या चाहत्यांनी दुखापतीतून उठलेल्या पाब्लो सँडोव्हलला थर्ड बेसवर बसवलं, तेव्हा मेट्सचा डेव्हिड राइट .३५० च्या आसपास खेळत होता (बिचारे मेट्स, प्रत्येक उदाहरणात तेच), आणि सँडोव्हलने पहिल्याच इनिंगमध्ये जस्टिन व्हरलँडरला तिन्ही बेस भरलेले असताना ट्रिपल (तीन बेस गाठून देणारा फटका) मारला. अशा वेळी गप्प बसायचं नाही. ‘एका मॅचवरून काही ठरत नाही’ म्हणायचं, तेही साठ मॅचवरून सगळं ठरवून झाल्यावर.

आणि २०२५ चं तर विचारूच नका. अॅटलांटात मॅच ६-६ अशी बरोबरीत सुटली आणि निकाल लावायला प्रत्येक बाजूच्या तिघांना होमरन मारायला तीन-तीन स्विंग दिले. फिलाडेल्फिया फिलीजचा काइल श्वार्बर, राखीव खेळाडू, ज्याला मॅचमध्ये एकही हिट मिळाला नव्हता, त्याने तीन स्विंगमध्ये तीन होमरन मारले आणि एमव्हीपी घेऊन गेला. ते तीन होमरन अधिकृत रेकॉर्डमध्ये मोजले जात नाहीत. आता हे खरे होमरन की खोटे, यावर तुमचं ठाम मत तयार ठेवा, फक्त त्याआधी समोरचा फिलीजचा आहे की मेट्सचा तेवढं विचारून घ्या.