डीफॉल्टला हात लावू नका? कुणाच्या डीफॉल्टला?

बायोइन्फर्मॅटिक्स (संगणकाने जैविक डेटा तपासण्याचं शास्त्र) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: कमांडचे डीफॉल्ट पॅरामीटर (आपण काही न सांगितल्यास प्रोग्राम स्वतःच धरतो ते पर्याय) तज्ज्ञांनी ठरवलेले असतात, त्यांना हात लावू नका, काही चुकलंच तर प्रोग्राम एरर देईल, आणि आकडे बदलणं म्हणजे हवा तो निकाल काढून घेणं. ऐकायला समंजस वाटतं, पण तिन्ही गोष्टी अर्धवट आहेत.

तज्ज्ञांनी ठरवले हे खरं, पण कोणत्या कामासाठी? कमांड लाइनवरचा ब्लास्टएन घ्या, म्हणजे आपला डीएनए सिक्वेन्स डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवून बघणारा प्रोग्राम. काहीच न सांगता चालवला तर तो मेगाब्लास्ट पद्धतीने शोधतो आणि वर्ड साइझ 28 धरतो. म्हणजे सलग 28 बेस (डीएनएची अक्षरं) तंतोतंत जुळल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. लांब आणि जवळपास सारख्या सिक्वेन्ससाठी हे उत्तमच, वेगही मिळतो. आता त्याला 20 बेसचा प्रायमर (पीसीआरसाठी वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) द्या. 28 जुळायला मुळात आहेतच 20! उत्तर येतं 'नो हिट्स फाउंड', आणि आपण समजतो की हा प्रायमर त्या जीनोमवर बसतच नाही. टास्क म्हणून ब्लास्टएन-शॉर्ट सांगितलं की वर्ड साइझ 7 होतो आणि तोच प्रायमर सापडू शकतो. (ब्लास्ट बनवणाऱ्या एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या वेबसाइटवर छोट्या सिक्वेन्ससाठी सेटिंग आपोआप बदलायची सोय आहे. तिथे सापडलेलं आपल्या टर्मिनलवर का सापडत नाही, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.)

एररचं म्हणाल तर वर एकही एरर आली नाही. आरएनए-सेकमध्ये, म्हणजे आरएनए वाचून कोणता जीन किती सक्रिय आहे ते मोजण्यात, तर आणखी पंचाईत. प्रत्येक जीनवर किती रीड्स (सिक्वेन्सरने वाचलेले छोटे तुकडे) पडले हे मोजणारे दोन प्रोग्राम घ्या. एचटीसेक-काउंट सांगितलं नाही तर डेटा स्ट्रँडेड (रीड डीएनएच्या कोणत्या धाग्याचा ते कळतं असा) धरतो, फीचरकाउंट्स अनस्ट्रँडेड. एकच बॅम फाइल (रीड्स जीनोमवर कुठे बसले त्याची नोंद) आणि दोन उलटी गृहीतकं. कुठल्या तज्ज्ञांचं ऐकायचं? अनस्ट्रँडेड लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) एचटीसेकला तशीच दिली तर साधारण निम्मे रीड्स आपल्या जीनच्या खात्यात जमाच होत नाहीत. डीयूटीपी या स्ट्रँडेड पद्धतीची लायब्ररी (रीड्स उलट्या धाग्याचे येतात) असेल तर 'रिव्हर्स' सांगावंच लागतं, नाहीतर बहुतेक सगळेच जातात. तरी टेबल नीटनेटकं तयार होतं. जीनची नावं जागेवर, आकडे जागेवर. गडबड दिसते ती फाइलच्या तळाशी, 'नो फीचर'च्या (कोणत्याच जीनच्या खात्यात न गेलेल्या रीड्सच्या) ओळीतल्या फुगलेल्या आकड्यात. तळापर्यंत जातं कोण?

निकाल बघून ई-व्हॅल्यूची (इतकी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल याच्या अंदाजाची) मर्यादा सरकवत बसणं ही लबाडीच, यात वाद नाही. पण लायब्ररी कोणत्या किटने बनवली हे कमांड चालवायच्या आधीच ठाऊक असतं. ते प्रोग्रामला सांगण्यात कसली छेडछाड? उलट काहीच न लिहिलेली कमांडच दगा देते, कारण आवृत्तीगणिक वागणूक बदलते. फीचरकाउंट्समध्ये 'पी' पर्याय दिला की पूर्वी रीडच्या जोड्या (एकाच तुकड्याच्या दोन टोकांचे रीड्स) मोजल्या जायच्या. आवृत्ती 2.0.2 पासून तो फक्त 'डेटा पेअर्ड आहे' एवढंच सांगतो. जोड्या मोजायला 'काउंटरीडपेअर्स' वेगळं लिहावं लागतं. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर बिनबोभाट चालते, फक्त जोडीऐवजी एकेक रीड मोजला जातो.

हा सल्ला जिथे लागू पडतो तीही जागा आहे: ब्लास्टपीचं, म्हणजे प्रोटीन जुळवणाऱ्या ब्लास्टचं, स्कोअरिंग. ब्लोसम62 (अमिनो आम्लांच्या अदलाबदलीचं गुणकोष्टक) आणि गॅप उघडायची 11 व वाढवायची 1 ही किंमत सहसा बदलू नये, कारण ई-व्हॅल्यूमागचं गणित कोष्टक आणि गॅपच्या किमतीच्या ठरावीक जोड्यांसाठीच आधी काढून ठेवलेलं असतं. न बसणारी जोडी दिलीत, तर तिथे मात्र ब्लास्ट खरंच एरर देतो.