पाच मिनिटांत टॉर्च पारखता येत नाही

टॉर्चच्या शौकीन मंडळींत सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. नव्या मॉडेलचा सुरुवातीचा नमुना, म्हणजे उत्पादन सुरू व्हायच्या आधीचा तुकडा, पाच मिनिटांत कसा पारखायचा याची ती कृती आहे. सर्वात वरचा मोड लावा, मोबाईलच्या लक्स ॲपने मोजा. आकडा छापील लुमेनपेक्षा कमी आला तर कंपनी खोटारडी. अंग तापलं तर नापास. आणि दोन्हींत पास झाला तर डोळे झाकून मागवा. कृती सुटसुटीत आहे, म्हणूनच फिरते. असे नमुने मीही तपासतो, आणि यातल्या जवळपास प्रत्येक ओळीशी माझं भांडण आहे. कुठे थोडं, कुठे कडाक्याचं.

आधी मोबाईल. ॲप लक्स दाखवतं, म्हणजे त्या एका जागी किती उजेड पडला ते. टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर आला, ते लुमेन. अंतर १ मीटरऐवजी १.१ मीटर झालं तरी लक्स साधारण १७ टक्क्यांनी घटतात, आणि हात तेवढा हलतोच. तरी मोबाईल अगदीच टाकाऊ नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभा करा, मोबाईल थेट झोतात येणार नाही असा एका जागी पक्का ठेवा, आणि ज्याचे लुमेन माहीत आहेत असा टॉर्च आधी लावून बघा. ५०० लुमेनच्या ओळखीच्या टॉर्चला ४० लक्स आले आणि नमुन्याला ७०, तर नमुना साधारण ८७५ लुमेनचा. अंदाजच आहे, पण हवेतला नाही.

आता खोटारडेपणा. छापील लुमेन कधी मोजलेले असतात? २००९ साली आलेल्या आणि २०१९ साली सुधारलेल्या एफएल १ या मानकात टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळातला उजेड धरतात. पहिल्या क्षणाचा झगमगाट त्यात येत नाही. तेव्हा बटण दाबताक्षणी घेतलेला आकडा उलट जास्तच यायला हवा. कमी आला तर आधी सेल तपासा. थकलेला १८६५०, म्हणजे टॉर्चमध्ये नेहमी वापरतात तो लिथियम-आयन सेल, टाकला की जोर लावताना त्याचा व्होल्टेज कोसळतो, आणि बदनाम होतो टॉर्च. खरी गंमत डब्यावर उघड्यावरच असते: ‘२००० लुमेन, ३ तास’. याच मानकात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे तिसऱ्या तासाच्या शेवटी हातात २०० लुमेन. खोटं कुणीच बोललेलं नाही.

‘तापला तर नापास’ ही ओळ मला सर्वात जास्त खटकते. एलईडीच्या झोतात उष्णता फारशी नसते, म्हणून एलईडी तापतच नाही असा समज रुजलाय. तो तापतो, पण पाठीमागून. ४ व्होल्टला ४ अँपिअर म्हणजे १६ वॉट. त्यातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग उष्णतेत जातो. तिला वाट एकच: एलईडीखालची तांब्याची चकती, तिच्याखालची ॲल्युमिनियमची बैठक, बाहेरचं अंग, मग तुमचा तळहात. डोकं मिनिटभरात गरम झालं, तर वाट मोकळी आहे. १६ वॉट खाणारा टॉर्च दोन मिनिटांनीही गारच लागला, तर मी दचकतो. एका नमुन्यात नेमकं तेच झालं. अंग गार, आणि छतावरचा उजेड मात्र ताजा सेल असूनही झरझर उतरत होता. उघडला तर चकतीखाली थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा, मधोमध एक ठिपका, बाकी सगळं कोरडं, आणि दोन्ही स्क्रू बोटाने फिरतील इतके सैल. पेस्ट पसरली, स्क्रू आवळले, आणि टॉर्च तापायला लागला. त्या दिवशी चटका बसला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो.

अर्थात तापायलाही मर्यादा हवी. ६० अंशांचा धातू हातात धरवत नाही. त्याआधीच टॉर्चने उजेड हळूहळू उतरवायला हवा. काही नमुने वीस सेकंदांतच धाडकन खाली येतात, तेव्हा बहुधा तापमानाचा सेन्सर जुळवलेला नसतो. टॉर्चमध्ये अँड्युरिल हे फर्मवेअर, म्हणजे टॉर्च चालवणारी आतली आज्ञावली, असेल तर ते आपल्यालाही जुळवता येतं.

पाच मिनिटांत जे दिसूच शकत नाही, ते म्हणजे बंद टॉर्चची भूक. बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेला टॉर्च बंद असतानाही थोडी वीज खातोच. शेपटीचं झाकण काढायचं, मल्टिमीटरचं एक टोक सेलच्या ऋण बाजूला, दुसरं नळीच्या उघड्या कडेला. मिलिअँपिअरच्या रेंजवर असताना चुकून बटण दाबलं गेलं की मीटरचा फ्यूज गेला. माझे दोन गेलेत. सैल स्क्रूंच्या त्याच नमुन्यात ३ मिलिअँपिअर निघाले. ३००० एमएएचचा सेल हजार तासांत, म्हणजे सुमारे ४२ दिवसांत, टॉर्च एकदाही न लावता रिकामा.

राहता राहिलं डोळे झाकून मागवणं. नमुना निगुतीने हाताने जुळवलेला असू शकतो, आणि पुढच्या खेपेत एलईडीची बिन, म्हणजे रंग-उजेडानुसार केलेली प्रतवारी, बदलली की रंगछटाही बदलते. म्हणून मी नमुन्याच्या दोषांची दोन खाती करतो. फर्मवेअर, स्प्रिंग, पेस्ट, बंद असतानाची भूक हे सुधारता येतं. ते मुकाट्याने सोसायचं नाही, कळवायचं. रिफ्लेक्टरची खोली, अंगाचं वजन, सेलचा आकार एवढ्यात बदलत नाहीत; ते पटत नसतील तर तिथेच थांबावं.

त्या कंपनीला मी दोन्ही खाती लिहून पाठवली. झोताच्या कडेची हिरवट छटा मी पहिल्या खात्यात टाकली होती. दुसरा नमुना आला. पेस्ट नीट पसरलेली, आणि भूक २० मायक्रोअँपिअरवर आलेली. या हिशेबाने सेल सतरा वर्षं पुरायचा, त्याआधी तोच म्हातारा होईल. छटा होती तशीच हिरवट. एलईडीचं रीळ आधीच घेऊन झालंय, असं उत्तर आलं.