नववीत बँड जॉईन करणं उशिराचं आहे का?

ताई, स्पष्ट लिहिलंत ते आवडलं. तुमचं म्हणणं असं, की शाळेच्या बँडमध्ये पाचवी-सहावीपासून वाजवणाऱ्या पोरांत नववीची मुलगी घातली तर तिच्या हातात शेवटी झांजाच येणार, पुढच्या वर्षी दहावी आहे आणि नववीतही बँड जॉईन करता येतो असं सांगून मी पालकांना उगाच भरीला घालतेय.

आधी दहावीचं बोलू. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. नववीच्या जूनमध्ये आलेली मुलगी दहावीच्या 15 ऑगस्टला वाजवून थांबली तरी तिला दोन 15 ऑगस्ट आणि एक 26 जानेवारी मिळतात, आणि मला हे कमी वाटत नाही. डिसेंबरात मात्र मीपण नकोच म्हणेन, तेव्हा सगळा बँड 26 जानेवारीच्या परेडच्या मागे असतो, नवीन मुलीला शिकवायला सरांना वेळ कुठून मिळणार.

आता उशिराचं. वाद्य कुठलं ते सांगितल्याशिवाय उशीर झाला असं कसं म्हणता येईल? साइड ड्रम, म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायचा छोटा ड्रम, घ्या, सिंगल स्ट्रोक म्हणजे उजवा-डावा एकेक ठोका, डबल स्ट्रोक म्हणजे प्रत्येक हाताने दोन-दोन, मग पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, हे रोज थोडं थोडं मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) लावून हळू वाजवलं की हातात बसतं, आणि चौदाव्या वर्षी मुलं दहाव्या वर्षापेक्षा जास्त वेळ नेटाने बसतात. घरी रबरी पॅडवर होतं, घोडबंदरच्या टॉवरमध्येसुद्धा खालच्या मजल्यावरून तक्रार येणार नाही. क्लॅरिनेटची भोकं लहान पोरांच्या बोटांनी नीट झाकली जात नाहीत, मोठ्या मुलीला ते सोपं जातं. बिगुलचं मात्र तुमचं बरोबर आहे. त्याला बटणं नसतात, सगळे सूर ओठांच्या ताणावर आणि फुंकेवर काढायचे, ओठ तयार व्हायला महिनोन्महिने जातात, दातांना तारा लावल्या असतील तर अजूनच त्रास.

आणि 'झांजाच' हा शब्द मला खरंच लागला. मिनिटाला साधारण 120 पावलांची चाल असते, त्यात झांज जराशी मागे पडली तरी रांगेचे पाय चुकायला लागतात. बास ड्रमच्या ठोक्यावर तर अख्खी तुकडी डावा पाय टाकते. हे काम काय उरलेल्यांना द्यायचं असतं का?

आपल्या ठाण्यात पाडव्याच्या स्वागतयात्रेत बघा, ढोल-ताशा पथकांत नोकरी करणारी मोठी माणसं असतात, त्यातल्या कितीजणांनी शाळेत असताना ढोलाला हातही लावलेला नसतो, ऑफिसनंतर सरावाला येऊन शिकतात.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सहावीतला पोरगा तिच्यापेक्षा चांगला वाजवत असणार आणि काठी कशी धरायची ते कदाचित तोच दाखवणार, नववीच्या मुलीला हे सुरुवातीला फार जड जातं. तुमची मुलगी स्वतःहून विचारतेय असं तुम्हीच लिहिलंय ना, मग सरावाच्या वेळी तिला एकदा ग्राउंडवर नेऊन उभं करा आणि सरांना विचारा की कुठल्या वाद्यावर जागा आहे, वाद्य सुट्टीत घरी देतात का. बिगुलवरच जागा असेल तर मला परत लिहा, मग वेगळं बोलू.